वाघनखं परत आली, की पाहुणी म्हणून आली?

परवा कोथरूडच्या शिवाजी पुतळ्यापाशी चहा घेताना एका ज्युनिअरनं विचारलं, "वाघनखं आपली, मग ती तीन वर्षांसाठीच का?" प्रश्न चांगला आहे. संशोधनाची तयारी करताय ना? मग उत्तर नीट सोडवून बघा.

३ ऑक्टोबर २०२३ ला राज्य सरकारनं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाशी करार केला आणि जुलै २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्यात आली. पण उसनी! ब्रिटनच्या १९८३ च्या कायद्यामुळे या संग्रहालयाच्या विश्वस्तांना संग्रहातली वस्तू मनात आलं म्हणून देऊन टाकता येत नाही. उसनी देता येते.

मग आंतरराष्ट्रीय कायदा काय करतो? युनेस्कोचा १९७० चा करार आहे. भारत त्यात १९७७ मध्ये आला, ब्रिटन २००२ मध्ये. पण हा करार मागच्या काळाला लागू होत नाही. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे एकोणिसाव्या शतकात गेलेली वस्तू त्यात बसतच नाही.

नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या तलवारीची गोष्ट वेगळी. ती एप्रिल २०२५ मध्ये लंडनला लिलावात निघाली. सरकारनं मध्यस्थामार्फत ती सुमारे ४७ लाख रुपये खर्चून घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. म्हणजे एक वस्तू उसनी, दुसरी विकत. 'परत आणली' हा शब्द मात्र दोन्हीला सर्रास वापरला गेला.

खरी 'परत मागणी' कशी होते? चोरी १९७० नंतरची, दोन्ही देश करारात आल्यानंतरची असेल, तर आपलं सरकार परराष्ट्र खात्यामार्फत त्या देशाकडे मागणी करतं. पुरावा मागणाऱ्यानं द्यायचा, तोही स्वखर्चानं. आणि इथेच गाडी अडते: वस्तू संग्रहालयाच्या किंवा देवळाच्या नोंदीत होती, हे दाखवावं लागतं. फोटो नाही, मापं नाहीत, रजिस्टरमध्ये ओळ नाही, तर पुरातत्त्व खातं, पोलीस आणि दूतावास यांनी मिळून तरी काय दाखवायचं?

आमच्या लॅबमध्ये लेबल नसलेलं सॅम्पल कितीही मौल्यवान असलं तरी फेकावं लागतं. इथे तेच लागू पडतं. वाघनखांबद्दलही संग्रहालय स्वतःच सांगतं की महाराजांनी वापरलेली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही. राग येतो, मान्य. पण 'पुरावा काय?' हा प्रश्न आपल्या आवडत्या गोष्टीलाही विचारता आला, तरच आपण संशोधक.

तेव्हा पुढच्या सुट्टीत गावी गेलात तर एक काम करा. विश्वस्तांना विचारून देवळातल्या जुन्या मूर्तीचे चारही बाजूंनी फोटो काढा, उंची-रुंदी मोजा, तारीख घाला, एक प्रत विश्वस्तांकडे ठेवा. फोटो सोशल मीडियावर मात्र टाकू नका, चोरांनाही पत्ता लागतो. उद्या मूर्ती गेलीच, तर सरकारच्या हातात निदान एक कागद तरी असेल.