बोरघाटाचे ते फोटो कुणासाठी होते?

बोरघाटातल्या आगगाडीचे जुने फोटो मोबाइलवरून फिरत फिरत हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरपर्यंतही पोचतात. सोबत एक ठाम समजूतही येते: लोकांना प्रवासाची गोडी लागावी म्हणून इंग्रजांनी ते काढवून घेतले.

अमेरिकेतल्या रेल्वे-फोटोंबद्दल हे बरंचसं खरं आहे. युनियन पॅसिफिक कंपनीने ए. जे. रसेल यांच्याकडून मार्गावरचे डोंगर, दऱ्या टिपून घेतल्या आणि १८६९ मध्ये त्यांचा अल्बम काढला. बोरघाटाची गोष्ट वेगळी. तिथलं काम १८५६ मध्ये सुरू झालं. १८५९ मध्ये आलेले ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारले आणि ठेका त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी पुढे चालवला. या कामाच्या फोटोंचा संग्रह त्यांच्याच नावावर आहे. त्यात दिसतं ते बांधकाम: पूल, फोडलेला कातळ, बोगदे. ही कामाची नोंद आहे, सहलीची जाहिरात नव्हे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीत पैसा विलायतेतल्या भागधारकांचा होता, त्यावर ५ टक्के व्याजाची हमी होती. घाटात काय उभं राहतंय, हे बघायची ओढ त्यांना असणारच.

फोटोंत माणसं फारशी दिसत नाहीत, म्हणून ‘तेव्हा तिकडे चिटपाखरूही नव्हतं’ हा दुसरा गैरसमज. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली आहे तोवर फोटो काढून जवळच्याच काळोख्या तंबूत धुवायची, अशी तेव्हाची रीत. उजेड घ्यायला कित्येक सेकंद लागत. तेवढ्यात जो हलला तो पुसट झाला किंवा उमटलाच नाही. निळा रंग काचेवर फार लवकर उठे, म्हणून आभाळ कोरं पांढरं. प्रत्यक्षात १८६१ मध्ये त्या घाटात चाळीस हजारांवर मजूर राबत होते.

भारतात रेल्वेची खरी पर्यटन-जाहिरात जोरात आली ती १९२०-३० च्या दशकांत. तेव्हाची गाजलेली भित्तिपत्रकंही बहुतेक चित्रकारांनी रंगवलेली आहेत.

अल्लीपूरच्या भागाचं म्हणाल तर, वर्ध्यावरून नागपूरला गाडी पोचली १८६७ मध्ये. पुढे हिंगणघाटवरून वरोऱ्याला फाटा गेला तो कोळशासाठी, आणि हिंगणघाटचा कापूस तर आधीपासून नावाजलेला. इथल्या रुळांना निसर्गचित्रांची गरजच पडली नाही. देशभर प्रवासी उत्पन्नाचा मोठा वाटा तिसऱ्या वर्गाचा होता. बाजाराला, लग्नाला, जत्रेला निघालेल्या त्या उतारूंना दऱ्यांचे फोटो दाखवून कुणी गाडीत बसवलं नव्हतं.