किण्वानें केलेला व्हॅनिला

आइस्क्रीम, केक यांना येणारा व्हॅनिलाचा मधुर वास आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. हा वास मूळचा मेक्सिकोकडील एका वेलीच्या शेंगांचा. ती वेल परमुलखांत नेली तेव्हां वाढली खरी, पण तिला शेंगा येईनात. कारण मूळ देशांत परागसिंचन करणारे कीटक तेथें नव्हते. १८४१ सालीं रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नांवाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलानें हें काम काडीच्या साह्यानें हातानें करून दाखविलें. आजही मादागास्करचा शेतकरी एकेक फूल याच रीतीनें फळवितो. पुढें शेंगा पिकण्यास व मुरण्यास कित्येक महिने जातात. असा माल महाग असल्यास नवल काय?

या गंधांतील मुख्य द्रव्य व्हॅनिलिन. १८७४ सालीं टीमान व हार्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं तें सूचिपर्णी वृक्षांच्या रसांतील द्रव्यापासून बनविलें. आज खपणारें बहुतेक व्हॅनिलिन कारखान्यांतच, मुख्यतः खनिज तेलापासून निघणाऱ्या द्रव्यांपासून तयार होतें.

तिसरा मार्ग अगदीं नवा आहे. पाव फुगविणारें किण्व, म्हणजेच यीस्ट, साखर खाऊन आपल्या गरजेचीं अनेक द्रव्यें घडवितें. त्यांतील एका द्रव्यापासून व्हॅनिलिनपर्यंत पोहोंचण्याच्या पायऱ्या मात्र त्यास ठाऊक नव्हत्या. अशी प्रत्येक पायरी एखादें विशिष्ट प्रथिन चढवितें, आणि तें प्रथिन कसें घडवावें याची आज्ञा जनुकांत असते. २००९ सालीं संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मुख्यतः तीन जनुकें उसनीं घेतलीं होतीं: एक शेणावर वाढणाऱ्या बुरशीचें, एक जीवाणूचें व एक मानवाचें. तीं पोटांत जातांच किण्व साखरेपासून व्हॅनिलिन करूं लागलें.

अडचण एवढीच, कीं व्हॅनिलिन खुद्द किण्वालाच विषारी. म्हणून त्याच्या रेणूस साखरेचा रेणू जोडून देणारें आणखी एक जनुक घातलें. त्यायोगें विषाची तीव्रता ओसरते. हिरव्या शेंगेंतही व्हॅनिलिन साखरेशीं असेंच बांधलेलें असतें. शेंग मुरतांना तें मोकळें होतें, आणि मगच वास दरवळतो.

आतां प्रश्न उरतो तो शेतकऱ्याचा. अशा शोधाचा भार कोणावर पडतो, हें आपल्या देशानें पाहिलें आहे. १८९७ सालीं जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारांत आली आणि बिहारांतील निळीचा धंदा खालावला. मळेवाल्यांनीं आपला तोटा खंडवाढीच्या रूपानें रयतेवर लादला. १९१७ चा चंपारणचा लढा त्या पिळवणुकींतूनच उभा राहिला.

म्हणून शोध थांबवावा, असें नव्हे. परंतु शेंगेच्या अर्कांत व्हॅनिलिनखेरीज इतरही अनेक गंधद्रव्यें असतात. दोन्ही वस्तु एक नव्हेत. तेव्हां आंत शेंगेचा अर्क आहे कीं किण्वाचें व्हॅनिलिन, हें बाटलीवर स्पष्ट लिहिलेलें असावें. तसें असेल तरच गिऱ्हाइकाला कष्टाचें मोल जाणून देतां येईल.