विमानाचें पातें

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढें गेलें म्हणजे चाळकेवाडीचें पठार लागतें. तेथें, तसेंच सांगली जिल्ह्यांत ढालगांवच्या बाजूस, वीज उत्पन्न करणाऱ्या पवनचक्क्या उभ्या आहेत. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं त्या पाहिल्या असतील. परंतु त्यांचें पातें फळीसारखें सपाट नसून बुडापासून टोंकापर्यंत पीळ दिल्यासारखें कां असतें, हा प्रश्न थोड्यांच्याच मनांत आला असेल. या पिळाचा विमानाच्या जन्माशीं निकट संबंध आहे.

पवनचक्कींत वारा पात्यास फिरवितो. विमानांत याच्या उलट घडतें. इंजिन पात्यास फिरवितें, पातें हवेस मागें लोटतें, आणि त्या प्रतिक्रियेनें विमान पुढें जातें. कृष्णेंत नाव वल्हविणारा मनुष्य पाणी मागें सारतो व नाव पुढें सरते, त्यांतलाच हा प्रकार.

प्रथम अडचण इंजिनाची होती. वाफेच्या इंजिनास बाष्पपात्र, पाणी व जळण लागे. एवढा भार घेऊन उडणें दुरापास्त होतें. पेट्रोलचें इंजिन निघाल्यावर ही अडचण पुष्कळ कमी झाली. तथापि नुसत्या शक्तीनें कार्यभाग साधला नाहीं. अमेरिकेंतील विद्वान सॅम्युएल लँग्ले यांच्या विमानास चार्ल्स मॅन्ली यांनीं सिद्ध केलेलें ५२ अश्वशक्तीचें उत्कृष्ट इंजिन होतें. १९०३ च्या ऑक्टोबर व डिसेंबर महिन्यांत तें विमान दोनदां सोडण्यांत आलें आणि दोन्ही वेळां पोटोमॅक नदींत पडलें. दुसऱ्या अपघातानंतर अवघ्या नऊ दिवसांनीं, १७ डिसेंबर रोजीं, विल्बर व ऑर्व्हिल या राइट बंधूंचें विमान उडालें. त्यांच्या इंजिनाची शक्ति सुमारें १२ अश्वशक्ति व वजन सुमारें १८० पौंड, म्हणजे एका अश्वशक्तीमागें १५ पौंड, इतकें होतें. पहिलें उड्डाण १२ सेकंदांचें व १२० फुटांचें झालें. त्याच दिवशींचें शेवटचें ५९ सेकंदांचें व ८५२ फुटांचें.

एवढ्या अल्प शक्तीवर हें कसें साधलें? हवेंत तोल राखण्याची विद्या त्यांनीं बिनइंजिनाच्या विमानांवर आधींच हस्तगत केली होती, हें एक कारण. आणि पातें हें दुसरें. जहाजांच्या पंख्यांविषयींच्या ग्रंथांत त्यांना उपयोगी पडेल असें गणित सांपडलें नाहीं. तेव्हां त्यांनीं स्वतःच विचार केला कीं, पातें म्हणजे वर्तुळांत फिरणारा पंखच होय. त्यांचें पातें साडेआठ फूट व्यासाचें होतें. एका फेऱ्यांत त्याचें टोंक सुमारें २७ फूट अंतर कापी, तर आंसापासून एक फुटावरील भाग सुमारें सव्वासहा फूटच कापी. विमानाबरोबर पुढें मात्र दोन्ही भाग सारखेच सरत. म्हणून बुडाशीं पातें अधिक तिरपें व टोंकाशीं कमी तिरपें ठेवावें लागतें. हाच तो पीळ! लांकडाच्या पट्ट्या चिकटवून व तासून केलेल्या त्या पात्यांनीं इंजिनाच्या शक्तीपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश कामीं आणली.

पुढें १९०८ च्या सुमारास फ्रान्समध्यें सेगँ बंधूंनीं 'नोम' इंजिन काढिलें. त्यांत मधला दांडा स्थिर असून सिलिंडरच पात्यासह फिरत. त्यामुळें ते वाऱ्यानें थंड राहत व पाण्याचें ओझें वांचे. त्यास वंगण एरंडेलाचें असे, कारण तें पेट्रोलमध्यें सहजासहजीं मिसळत नाहीं. आमच्या शेतांच्या बांधावरील एरंडाचें तेल असें आकाशांत चढलें!

पात्यांतील लहानसा दोषही किती घातक होतो, हें त्याच वर्षीं दिसून आलें. १७ सप्टेंबर १९०८ रोजीं फोर्ट मायर येथें ऑर्व्हिल राइट यांच्या विमानाच्या पात्यास तडा जाऊन विमान कोसळलें. ऑर्व्हिल जबर जखमी झाले आणि त्यांच्या सोबतचे लेफ्टनंट सेल्फ्रिज मरण पावले. इंजिनयुक्त विमानाच्या अपघाताचे ते पहिले बळी होत.

आणखी एक उणीव राहिली होती. खंबाटकीचा घाट चढतांना मोटार खालचा गिअर घेते. परंतु पात्याचा कोन कायमचा ठरलेला असल्यानें विमानास वर चढतांना व वेगानें जातांना एकच कोन वापरावा लागे. उड्डाणांत कोन बदलतां येणारीं पातीं १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलीं व ही उणीव दूर झाली.

राइट बंधूंचा धंदा सायकलींचा होता, आणि त्यांच्या विमानाचीं पातीं सायकलीसारख्याच सांखळ्यांनीं फिरत. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनींही १८८८ सालीं बेळगांवास सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील ओसाड माळावर कारखाना उभारला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यांत आहे. या दोन्ही उदाहरणांवरून आम्हांस असें वाटतें कीं, मोठें यंत्र नाहीं म्हणून विद्यार्थ्यांनीं हातावर हात ठेवून बसूं नये. पुठ्ठ्याचें एक भिरभिरें करावें, त्याच्या पात्यांचा कोन थोडा थोडा बदलावा, आणि तें केव्हां जलद फिरतें तें मोजून वहींत टिपून ठेवावें. राइट बंधूंनींही उडण्यापूर्वीं हेंच केलें होतें: मोजलें आणि टिपलें.