खाकी वर्दीतला ठेका

16 ऑक्टोबर 1998 या शुक्रवारी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, दोन हिंदी चित्रपट एकाच दिवशी लागले. 'कुछ कुछ होता है'वर पुढे भरभरून लिहिलं गेलं. डेव्हिड धवन यांच्या 'बडे मियाँ छोटे मियाँ'च्या वाट्याला मात्र 'टाइमपास' हा शिक्का आला. चित्रपट चालला, लोक पोटभर हसले आणि समीक्षेने पान उलटलं. त्या पानावर परत जायला हवं, कारण गोविंदा नावाच्या नटाची कला नेमकी काय होती हे तिथे इतर कुठल्याही चित्रपटापेक्षा स्वच्छ दिसतं. गोविंदाला आपण एकतर नाचणारा नायक म्हणतो किंवा विनोदी नट. माझं म्हणणं असं की या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच. त्याचा विनोद हा नाचाचाच भाग आहे, गाणं संपल्यावरही चालू राहिलेला. आणि तो नाच कुठून आला हे शोधताना त्याच्या विरारला वळसा घालून जाता येत नाही.

आधी या चित्रपटाच्या जातकुळीबद्दल. न जमणाऱ्या दोघांना, ज्यातला एक तरी पोलीस असतो, एका गुन्ह्यामागे धाडायचं, मारामारी आणि हशा एकाच दोरीत ओवायचा, हा अमेरिकी चित्रपटांनी रुळवलेला साचा आहे. 1982 चा '48 अवर्स' आणि 1987 चा 'लेथल वेपन' ही त्यातली ठळक नावं. 1995 मध्ये मायकल बे यांनी 'बॅड बॉईज'मध्ये विल स्मिथ आणि मार्टिन लॉरेन्स यांना एकत्र आणलं, आणि 'बडे मियाँ छोटे मियाँ'चा सांगाडा बराचसा तिथून आला आहे. अमिताभ बच्चन इन्स्पेक्टर अर्जुन सिंग, गोविंदा इन्स्पेक्टर प्यारेमोहन. पण धवन यांनी त्यावर एक मजला चढवला: याच दोघांसारखे हुबेहूब दिसणारे दोन भामटे, बडे मियाँ आणि छोटे मियाँ. अमेरिकी साच्यात दोन माणसांचं न जुळणं पुरेसं असतं. इथे जोडी दुप्पट होते आणि प्रत्येक नटाला स्वतःपासूनच वेगळं व्हावं लागतं.

मराठी वाचकाला हा मामला परका वाटू नये. वगात राजा-प्रधानाइतकेच कोतवाल आणि हवालदार रंगतात. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधला दादा कोंडके यांचा हवालदार एका पिढीला तोंडपाठ होता. खाकीतला माणूस हसवू लागला की अधिकाराची भीती घटकाभर उतरते, हे तमाशाने हॉलिवूडच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. दुसरा धागा भगवानदादा पालवांचा. गिरणी कामगाराचा हा मुलगा स्टंटपटांमधून वर आला आणि 1951 च्या 'अलबेला'त अंग फारसं न हलवता, नुसत्या खांद्यांवर आणि पावलांवर नाचला. मारामारी, विनोद आणि नाच ही तिन्ही कामं एकाच देहाने करायची, हा आपल्याकडचा पहिला ठसठशीत नमुना. अमिताभच्या नाचावर भगवानदादांची छाप आहे हे अनेकांनी नोंदवलं आहे. 1998 च्या पडद्यावर म्हणूनच एक विलक्षण भेट घडते. 56 वर्षांचा उंच नट भगवानदादांसारखी जेवढ्यास तेवढी हालचाल करतो आणि शेजारी 34 वर्षांचा दुसरा नट तोच ठेका सगळ्या अंगात वाटून टाकतो.

हे वाटून टाकणं जवळून पाहण्यासारखं आहे. गोविंदाच्या नाचात हात-पाय लांबवर फेकलेले फारसे दिसत नाहीत. ठेका आधी मानेत येतो, मग एका खांद्यात, मग कमरेत, आणि चेहरा या सगळ्यावर स्वतंत्र टिप्पणी करत राहतो: ओठ मुडपलेले, भुवई वर, डोळे थेट कॅमेऱ्यात. समेवर येताना तो थांबतो आणि ते थांबणंच टाळी घेतं. आता गाणं काढून टाका आणि त्याचे बोलण्याचे प्रसंग बघा. वाक्य सुरू होण्याआधी मान हलते, मधल्या शब्दावर खांदा उडतो, शेवटच्या शब्दावर सगळं अंग थिजतं. रचना तीच, फक्त ढोलकी ऐकू येत नाही. अमिताभचं अंग स्थिर आणि आवाज खर्जातला, त्यामुळे ही चुळबुळ आणखी उठून दिसते. 'जंजीर'पासून ज्याने पोलिसाची वर्दी गंभीर केली, त्याच्याच बाजूला ही वर्दी ठेक्यात डुलू लागते.

यावर कोणी म्हणेल, याला टायमिंग म्हणतात आणि ते प्रत्येक चांगल्या विनोदी नटाकडे असतं. अशोक सराफ कुठे नर्तक म्हणून ओळखले जातात? आक्षेप रास्त आहे. पण अशोक सराफांचं टायमिंग शब्दात आणि नजरेत असतं. वाक्य पडतं, मग हशा येतो. गोविंदाच्या बाबतीत हशा बऱ्याचदा वाक्याच्या आधी येतो, कारण अंगाने ते आधीच सांगून टाकलेलं असतं. दुसरा आक्षेप असा की श्रेय लेखकांचं. कादर खान यांच्या यमकबाज संवादांनी गोविंदा घडवला. संवादांचं ऋण मोठं आहे, यात शंका नाही. पण 1995 चा 'कुली नं. 1' डेव्हिड धवन यांनीच 2020 मध्ये पुन्हा केला. गोष्ट तीच, दिग्दर्शक तोच, नायक वरुण धवन, तोही उत्तम नाचणारा, आणि चित्रपटावर जवळपास सर्वत्र टीका झाली. वरुण गाण्यात नाचतो आणि प्रसंगात अभिनय करतो. मूळ चित्रपटात ही फाळणी नव्हती. एका उदाहरणावरून सिद्धांत उभा राहत नाही, हे मान्य. पण इतकी जुळवून आणल्यासारखी तुलना क्वचित हाती लागते.

आता विरार. गोविंदाचे वडील अरुणकुमार आहुजा हे मेहबूब खान यांच्या 'औरत'मधले (1940) नट, आई निर्मलादेवी ठुमरीच्या नामवंत गायिका. चित्रपटनिर्मितीत वडिलांना मोठी खोट बसली आणि वांद्र्याच्या कार्टर रोडवरचं कुटुंब विरारला आलं. मुलगा वसईच्या अण्णासाहेब वर्तक महाविद्यालयात वाणिज्य शाखेत शिकला. 'विरार का छोकरा' हे बिरुद म्हणजे प्रसिद्धीसाठीची चिठ्ठी, तो तर नट-गायिकेचा मुलगा, असं म्हणणारे अर्धं खरं बोलतात. वारसा होताच. ठुमरीची गायिका एकाच ओळीला दहा भाव देते, शब्द तेच ठेवून अर्थ फिरवते. गोविंदाच्या चेहऱ्यावर एकाच ठेक्याचे जे दहा अर्थ उमटतात, त्यांचं मूळ मला या घरातल्या गाण्यात दिसतं. पण वारसा बंगल्यासकट मिळाला असता तर तो असा अंगात उतरला असता का, हा प्रश्न उरतो. विरार म्हणजे चर्चगेटपासून 60 किलोमीटर, तेव्हाचं लोकलचं शेवटचं स्टेशन. 12 एप्रिल 1867 ला विरारहून बॅकबेकडे पहिली गाडी निघाली तेव्हापासून इथल्या माणसाचं कामधाम गाडीच्या वेळापत्रकावर चाललं आहे. इतक्या लांबून चित्रपटाच्या ऑफिसांचे उंबरठे झिजवणाऱ्याकडे भांडवल म्हणून काय असतं? स्वतःचं अंग. 'सॅटर्डे नाइट फीव्हर'मधल्या जॉन ट्रॅव्होल्टाने भारलेला हा मुलगा सरोज खान यांच्याकडे नाच शिकला आणि त्यांनी सुरुवातीला त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. मग त्याने स्वतःच्या नाचाच्या व्हिडिओ कॅसेटी तयार करून निर्मात्यांकडे पोचवल्या. 1986 च्या 'इल्जाम'मध्ये तो दिसला, तोही रस्त्यावर नाचणारा म्हणून. 2004 मध्ये उत्तर मुंबईतून राम नाईक यांना हरवून तो लोकसभेत गेला तेव्हा वसई-विरार त्याच मतदारसंघात होतं.

चित्रपटाचे दोष झाकायचं कारण नाही. बायकांची पात्रं तोंडी लावण्यापुरती आहेत, पोलिसांची दांडगाई हसण्यावारी नेली आहे, उत्तरार्ध पसरट आहे. आणि उसनवारीचा मुद्दाही खरा. मात्र उसन्या सांगाड्यात कुणाचं अंग उभं राहिलं हे पाहिल्याशिवाय त्याचा निकाल लावू नये. विरारच्या अलीकडच्या स्टेशनवर, नालासोपाऱ्यात, हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. सुरेश मुकुंद आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे नाचाचा संच बांधला. त्यांच्यावर बेतलेल्या 'एबीसीडी 2'मध्ये (2015) गोष्ट सुरू होते ती संचावरच्या नक्कलेच्या आरोपाने, आणि त्यातल्या सुरेशची भूमिका केली वरुण धवननेच. सुरेश मुकुंद यांच्याच 'किंग्ज युनायटेड'ने 2019 मध्ये अमेरिकेतली 'वर्ल्ड ऑफ डान्स' ही स्पर्धा जिंकली. अंतिम फेरीत परीक्षकांनी त्यांना 100 पैकी 100 गुण दिले.