‘इन्फेक्शन रेट 0 टक्के’

मावशीच्या गुडघ्याचा सांधा बदलायचं ठरलं तेव्हा मावसभावाने एका हॉस्पिटलच्या माहितीपत्रकाचा फोटो पाठवला. ‘इन्फेक्शन रेट 0 टक्के’ या ओळीखाली लाल रेघ. “इथेच करूया ना?”

आकडा शून्य म्हणजे हॉस्पिटल उत्तम, आकडा मोठा म्हणजे गलथान. हे इतक्यांदा ऐकलंय की आता चिडचिड होते. अहो, पण मोजलं कुणी? आणि कसं?

आयसीयूतलंच उदाहरण घ्या. मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे, म्हणजे सेंट्रल लाइनमुळे, रक्तात संसर्ग झाला हे ठरवायला रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, लागते. आयसीयूत रात्री दोनला पेशंटला हुडहुडी भरली आणि कल्चर न पाठवताच भारी अँटिबायोटिक सुरू केलं, तर कागदोपत्री संसर्ग झालाच नाही. जो इमानाने कल्चर पाठवतो, त्याचाच आकडा फुगतो. शिवाय हा दर टक्क्यांत नाही, दर 1,000 लाइन-दिवसांमागे काढतात. त्यासाठी नर्सला रोज ठरल्या वेळी खाटेखाटेपाशी जाऊन आज किती जणांना लाइन आहे ते रजिस्टरमध्ये लिहावं लागतं. ते रजिस्टरच नसेल तर शून्य कशाचं?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नोंद सक्तीची झाल्यावर 2004 साठी रुग्णालयांनी 11,668 संसर्ग कळवले. त्याच वर्षीच्या बिलांत मात्र 1,15,631 नोंदी निघाल्या. बिलांच्या कोडवरून घरूनच आलेला संसर्ग वेगळा काढणं अवघड, त्यामुळे सगळी तफावत लपवाछपवीची नव्हे; पण दहापट? 2005 मध्ये कळवलेला आकडा 19,154 झाला. वर्षभरात रुग्णालयं घाणेरडी झाली नव्हती, नोंद वाढली होती. नोव्हेंबर 2006 मध्ये तिथे रुग्णालयांच्या नावानिशी आकडे छापले गेले.

‘आकडे जाहीर केले तर नुसती घबराट होईल.’ इंग्लंडमध्ये एमआरएसए जंतूच्या रक्तसंसर्गाची नोंद 2001 पासून सक्तीची आहे आणि आकडे नावानिशी प्रसिद्ध होतात. 2003-04 मध्ये असे सुमारे 7,700 रुग्ण होते, 2008-09 मध्ये 3,000 च्या आत. नुसत्या छापण्याने हे झालं नाही; निम्म्यावर आणण्याचं सरकारी लक्ष्यही डोक्यावर होतं.

‘आयसीयू म्हटलं की इन्फेक्शन व्हायचंच.’ मिशिगनमधल्या आयसीयूंनी हात धुणं, क्लोरहेक्झिडीनने त्वचा पुसणं, नको असलेली लाइन लगेच काढणं अशा साध्या गोष्टी नेमाने केल्या आणि लाइनच्या संसर्गांत 66 टक्क्यांपर्यंत घट झाली. 2006 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने ते छापलंय.

‘एनएबीएच आहे म्हणजे आकडे जाहीर असतील.’ एनएबीएच, म्हणजे रुग्णालयांना मानांकन देणारं मंडळ, मोजायला लावतं. ते तुम्हाला दाखवण्याची सक्ती आपल्याकडे नाही.

‘लॉबी कशी चकाचक आहे!’ जंतू लॉबीतून येत नाहीत, हातांवरून येतात.

राहिला मावशीचा गुडघा. ऑपरेशनच्या जखमेतला संसर्ग पुष्कळदा घरी गेल्यावर डोकं वर काढतो. म्हणून कृत्रिम सांधा बसवल्यावर 90 दिवस नजर ठेवून मोजायचं असतं. मावसभावाला म्हटलं, एवढंच विचारून ये, किती दिवसांपर्यंत मोजता?

काउंटरवर उत्तर मिळालं, “डिस्चार्जपर्यंत.” मावशीला चौथ्या दिवशी घरी सोडणार होते.