पोरांना कोडिंग शिकवा



लागणीच्या तारखेवरून तोडणीचा क्रम आता संगणक लावतो. पण त्याला स्वतःची अक्कल नाही. मागे साखरखेर्डा भागातल्या एका नोंदीत माझ्याच हातून जुलैच्या आडसाली लागणीला पुढल्या जानेवारीची तारीख पडली. ऊस मागच्या रांगेत गेला, तोड लांबली, तुरा आला, वजन घटले. चूक माझी, संगणकाने मात्र हूं की चूं केले नाही.

त्या शेतकऱ्याची आठवीतली पोरगी म्हणाली, "साहेब, आडसाली अन् जानेवारी? त्यानं अडवायला नको होतं का?"

बरोबर! 'आडसाली असेल आणि महिना जानेवारी असेल, तर थांब', हे संगणकाला लिहून देणे म्हणजेच कोडिंग.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी ते आहेच. 'स्क्रॅच'मध्ये रंगीत ठोकळे जोडून शिकता येते, तेही फुकट. १९९१ चा 'परम ८०००' महासंगणक ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला, ते डॉ. विजय भटकर शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे.

घरी संगणक नसला तरी अडत नाही. ठिबकचे व्हॉल्व्ह कोणत्या क्रमाने उघडायचे, ते पोराकडून कागदावर लिहून घ्या. मधेच लाईट गेली तर काय करायचे, हे त्याने लिहिले का, तेवढे पाहा.