केरपास आणि कापूस

वर्ध्याकडील शिवारात दसरा-दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटीची बोंडे फुटू लागली, म्हणजे पहिल्या वेच्याआधी बायका शेतात जाऊन सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखविल्यावाचून कापूस ओटीत घालणे जुन्या वळणाच्या घरांतून अजूनही अप्रशस्त समजतात. आंजी (मोठी) हे वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव अशाच मुलखातले. तेथे उठता-बसता उच्चारला जाणारा 'कापूस' हा शब्द इतका घरचा, इतका काळ्या मातीतला वाटतो की, त्याचा एक सख्खा आप्त कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस, आर्मेनिया देशाच्या भाषेत शतकानुशतके नांदत आहे, हे सांगूनही कोणास खरे वाटू नये. त्या आप्ताचे नाव 'केरपास'.

दोघांचे मूळ एकच, आणि ते आपल्या बाजूचे आहे. संस्कृतातील 'कार्पास' प्राकृतात 'कप्पास' झाला आणि तेथून मराठीत 'कापूस' होऊन आला. सूत्रग्रंथांत हा शब्द आहे. मनुस्मृतीने ब्राह्मणाचे यज्ञोपवीत कार्पासाचे असावे असे सांगितले आहे. आणि कौटिल्याने अर्थशास्त्रात उत्तम सुती वस्त्रांच्या प्रदेशांची जी यादी दिली आहे, तीत काशी, वंग, कलिंग यांच्या पंक्तीला अपरान्त, म्हणजे आपले कोकण, बसविलेले आहे. मात्र 'कार्पास' हा शब्दही मूळचा आर्यभाषांचा नसावा, मुंडा वगैरे ऑस्ट्रो-आशियाई कुळातल्या एखाद्या भाषेतून तो संस्कृतात शिरला असावा, असे अनेक भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. त्याच कुळातली कोरकू भाषा मेळघाटात आजही बोलली जाते, ही गोष्ट विदर्भातल्या वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. संस्कृतापाशी पोचलो म्हणजे शब्दाचा उगम सापडला, असे मानण्याची आपली सवय काही चांगली नव्हे.

हिंदुस्थानाबाहेर या शब्दाची जी वाटचाल झाली, ती मोठी मनोरंजक आहे. इराणात तो 'करबास' झाला आणि जाड्याभरड्या सुती कापडास लागू झाला. हिब्रू बायबलातील एस्तेरच्या ग्रंथात अहश्वेरोश राजाच्या शूशन येथील मेजवानीचे वर्णन आहे, तेथे लटकणाऱ्या पडद्यांच्या संदर्भात 'कर्पस' येतो. ग्रीकांनी त्याचे 'कार्पासोस' केले, आणि रोमन लोकांच्या लॅटिनमध्ये 'कार्बासुस' म्हणजे तलम वस्त्रच नव्हे, तर जहाजाचे शीडही झाले. आर्मेनियन भाषेत तो इराणी भाषांच्या द्वारे आला, आणि तेथे 'केरपास' म्हणजे तलम वस्त्र, रेशीम, आणि पुढे सामान्यतः कापड, असे अर्थ त्याला प्राप्त झाले. पश्चिम आर्मेनियन बोलीत त्याचा उच्चार 'गेर्बास' असा होतो.

कापसाचे रेशीम कसे झाले, हा प्रश्न सहज मनात येतो. माझ्या मते याचे कारण असे की, त्या काळी व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर झाड प्रवासाला निघाले नव्हते, कापड निघाले होते. आणि ज्यांनी ते झाड पाहिलेच नाही, त्यांनी हाती आलेल्या उंची वस्त्रास ते नाव दिले, मग ते वस्त्र सरकीच्या रुईचे असो की किड्याच्या कोशाचे. पुढे आरस नदीकाठच्या सपाट मुलखात पऱ्हाटी प्रत्यक्ष पिकू लागली, तरी त्या पिकाला आर्मेनियन लोक 'केरपास' म्हणत नाहीत, 'बाम्बाक' म्हणतात. तोही इराणी शब्दच. फारसीतील 'पंबा' त्याचाच बंधू, आणि रशियन भाषेत कागदाला 'बुमागा' म्हणतात, तोही याच गोतावळ्यातला.

आर्मेनियन भाषेत इराणी शब्दांचा भरणा इतका आहे की, ती इराणी शाखेतलीच एक बोली आहे, असा विद्वानांचा दीर्घकाळ समज होता; 1875 मध्ये ह्युब्शमान या जर्मन पंडिताने ती इंडो-युरोपीय कुळातली स्वतंत्र शाखा असल्याचे सिद्ध केले. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या ह्राच्या आचार्यान याने त्या भाषेचा प्रचंड व्युत्पत्तिकोश रचला. तो येरेव्हान येथे 1926 ते 1935 या काळात खंडशः बाहेर पडला.

हिंदुस्थानातून कापड नेणारे आर्मेनियन सावकार तरी आपणांस कोठे परके होते? इराणच्या शाह अब्बासाने सतराव्या शतकाच्या आरंभी त्यांना इस्फहानजवळ नवजुल्फा येथे आणून बसविले, आणि तेथून त्यांच्या पेढ्या सुरत, आग्रा, मद्रास अशा पसरल्या. होव्हान्नेस नावाचा त्यांचा एक गुमास्ता धन्याच्या भांडवलावर 1682 मध्ये निघाला, सुरतेस उतरला, आग्र्याकडे कापड व नीळ यांची खरेदी-विक्री केली, आणि तिबेटात ल्हासापर्यंत जाऊन आला. त्याने 1693 पर्यंत लिहिलेली हिशेबाची चोपडी आज लिस्बनच्या ग्रंथालयात आहे. मुंबईत कोटातील मेडोज स्ट्रीटवर त्यांचे चर्च 1796 मध्ये उभे राहिले.

इकडे विदर्भात शब्द जागचा हलला नाही, पण झाड बदलले. 'कार्पास' ज्याला म्हणत, ती देशी पऱ्हाटी. हिंगणघाटच्या ज्या कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरच्या बाजारापर्यंत गाजत होते, तोही देशीच. आज आंजीसारख्या गावांच्या शिवारात जी पेरली जाते, ती बहुतांशी मेक्सिकोकडून आलेल्या अमेरिकन जातीची. 1970 मध्ये सुरतेहून एच-4 हा पहिला संकरित वाण निघाला, 2002 मध्ये बीटी बियाण्यास सरकारी परवानगी मिळाली, आणि देशी वाण कोपऱ्यात गेला. आर्मेनियन माणसाने नाव ठेवून जिन्नस बदलला म्हणून हसावे, तर आपणही तेच केले आहे.

आचार्यानने व्युत्पत्तिकोशाआधी, 1913 मध्ये, आर्मेनियन प्रांतिक बोलींतील शब्दांचा कोश प्रसिद्ध केला होता, आणि पुढील कामाला त्याचा मोठा आधार झाला. तसेच काम आपल्याकडेही करण्याजोगे आहे. पऱ्हाटी, पाती, बोंड, वेचा, सरकी, सीतादही हे शब्द आज वर्ध्याकडे बोलले जातात. परंतु देशी वाणांबरोबर त्यांच्या खास नावांचाही वापर मागे पडत चालला आहे. आंजी आणि आसपासच्या गावांतल्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ती नावे अर्थांसह वहीत उतरवून घ्यावीत, आणि ती या वर्षीच घ्यावीत.